पाठदुखीवर पहिला इलाज: वजन विचारा



आपल्या गल्लीतले किती पोट्टे आज 'पॅकर्स'च्या कामावर जातात, ते एकदा मोजून बघा. धान कापून, चुरून झाले की शेतात मजुरी उरत नाही. राईस मिलमध्ये पोती उचलणारे हात मग नागपूरच्या रस्त्याला लागतात. सहा वर्षे मीही लोकांची घरे ट्रकमध्ये भरून एका गावाहून दुसऱ्या गावी नेली. आज पाण्याची भरलेली बादली उचलताना मला विचार करावा लागतो. पण माझी पाठ गेली ती गेली. माझ्यामागून त्याच ट्रकवर चढलेल्या पोरांसाठी हे लिहीत आहे.

आमचा दिवस असा असे. पहाटे पाचला त्रिमूर्ती चौकात उभे राहायचे. सातपासून खोकी बांधायची. भांडी कागदात, टीव्ही गादीत, आरसा गोधडीत. मग कपाट, फ्रिज, दिवाण, कूलर खाली आणायचे. जिना अरुंद असला तर कपाट पाठीवर घ्यायचे. दुपारी ट्रक निघतो. नागपूर साठ किलोमीटर, कधी त्याच्याही पुढे. पोचल्यावर तेच सामान पुन्हा वर चढवायचे. रात्री अकराला घरी आलो तर लवकर आलो म्हणायचे. काचेच्या खोक्यावर मालक मोठ्या अक्षरात 'जपून' लिहून घेतो. उचलणाऱ्या माणसाला जपा, असे मात्र कुठेच लिहिलेले नसते.

पाठ का जाते? लोक म्हणतात, पोट्ट्याला उचलता येत नाही. हे अर्धेच खरे आहे. गुडघे वाकवून बसावे, ओझे छातीजवळ घ्यावे, ओझे हातात असताना कंबर पिळू नये, पाय वळवावेत. हे प्रत्येकाने शिकलेच पाहिजे. पण चौघांचे कपाट दोघांवर दिले तर कोणती पद्धत कामी येईल? कंपनी गिऱ्हाइकाला कमी भाव सांगते आणि तो भाव भरून काढायला एक माणूस कमी करते. त्या कमी केलेल्या माणसाचे ओझे उरलेल्यांच्या मणक्यावर येते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: हमालाच्या पाठदुखीवर पहिला इलाज मलम नाही, गोळी नाही. वजन किती आणि माणसे किती, हे काम सुरू होण्याआधी विचारणे हाच पहिला इलाज आहे.

यात काही नवीन नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच शिफारस केली, की एका प्रौढ पुरुषाला ५५ किलोपेक्षा जास्त वजन वाहायला लावत असतील तर ते लवकरात लवकर ५५ वर आणावे. घरचा भरलेला गॅस सिलिंडर टाकीसकट सुमारे ३० किलोचा असतो. दोन खांद्यांवर दोन सिलिंडर घेऊन जिना चढणाऱ्याला आपण पहिलवान म्हणतो. तो ६० किलो वाहत असतो. पुण्यात डॉ. बाबा आढाव नाना पेठेत दवाखाना चालवत. हमालांचे दुखणे नुसत्या औषधाने जाणार नाही, हे ओळखून त्यांनी हमाल पंचायत उभी केली. पोत्याचे वजन कमी करा ही हमालांची जुनी मागणी होती. एकेकाळी १०० किलोचे असणारे पोते आज बहुतेक ठिकाणी ५० किलोचे आहे, ते कोणाच्या दयेने झालेले नाही.

आता आपल्या भागाची गोष्ट. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याप्रमाणे सरकारी नोकरांच्या बदल्या साधारणपणे एप्रिल-मे महिन्यात होतात. साहेबांचे सामान हलवण्याचा हंगाम म्हणजे भंडाऱ्याच्या उन्हाचा ऐन काळ. बंद ट्रकच्या आत तर अंगाची लाही होते. अशा वेळी पोट्टे पाणी कमी पितात, कारण गिऱ्हाइकाच्या घरी संडास वापरू देत नाहीत. खर्रा तोंडात ठेवला की भूक-तहान कळत नाही, आणि तेच 'बरे' वाटते.

हे आपल्या वस्तीला दुप्पट महाग पडते, कारण विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे. आमच्या टोळीत एक तेवीस वर्षांचा पोरगा होता. मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावर फ्रिज चढवून तो पायरीवरच बसला आणि हातपाय दुखतात म्हणून रडू लागला. मुकादम म्हणाला, "का जी, नाटक करून राह्यला का?" दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा कळले, तो सिकलसेलचा रुग्ण आहे. लहानपणापासून अंग दुखायचे आणि घरचे म्हणायचे, पोरगा आळशी आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगातले पाणी कमी झाले, ऊन आणि अतिश्रम झाले, की तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना उठतात. त्याच्यासाठी हे काम नाहीच. जो फक्त वाहक आहे, त्यानेही उन्हात पाण्याशिवाय जीव तोडून काम करू नये. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. १ जुलै २०२३ पासून तर देशभर सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू आहे. कामावर पाठवण्याआधी पोराचे रक्त तपासा.

दुसरी चूक गोळीची. पाठ दुखली की मुकादम खिशातून गोळी काढून देतो. मी दोन वर्षे अशा गोळ्या खाल्ल्या. दुखणे दबते, पण मणक्याची गादी सरकायची थांबत नाही. उपाशीपोटी आणि अंगात पाणी कमी असताना घेतलेली वेदनाशामक गोळी जठराला जखम करते, मूत्रपिंडाला इजा करते. पाय बधिर होणे, पाऊल उचलता न येणे, लघवी-संडासवरचा ताबा जाणे, ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी जिल्हा सामान्य रुग्णालय गाठा. जांघेत गाठ येऊन ती कडक झाली, दुखू लागली, उलट्या झाल्या, तरी थांबू नका.

मुकादम म्हणेल, वजन विचारणाऱ्याने उद्या येऊ नये. एकट्याने विचारले तर हे होईलच. पाचही जणांनी विचारले तर ट्रक कोण भरणार? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तो कायदा कारखान्यांचा होता. ट्रकवरचा आपला पोट्टा आजही तीन-चार दिवसांतच तेवढे तास भरतो. गावकीत आपल्या आज्यापणज्यांनी साहेबांचे ओझे वेठीने वाहिले. आज आपण मजुरीने वाहतो. मग मजुरीच्या कामाला मजुराचे नियम नकोत का?

कायदा अगदीच नाही असेही नाही. १९६९ पासून महाराष्ट्रात माथाडी-हमालांसाठी स्वतंत्र कायदा आहे. नोंदणी झालेल्या कामगाराला मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि औषधोपचाराचा आधार मिळतो. आपल्या टोळीची नोंदणी होईल का, हे चौघांनी मिळून कामगार कार्यालयात जाऊन विचारा. कामावर इजा झाली तर भरपाई देणे मालकावर बंधनकारक आहे, ही तरतूद या देशात १९२३ पासून आहे. म्हणून हजेरी, तारीख आणि मजुरी एका वहीत रोज लिहा. माझ्याकडे तशी वही नव्हती. म्हणून माझ्या पाठीचा एक रुपयाही मला मिळाला नाही.

घरातल्या बायांना एक विनंती. डब्यासोबत एक लिटरची बाटली द्या: सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, उकळून गार केलेले पाणी. आणि रात्री पोरगा घरी आला की किती मिळाले, हे विचारण्याआधी विचारा, आज किती जणांनी कपाट उचलले? तो "दोघांनी" म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी चारही घरच्यांनी मुकादमाकडे जा.

जयभीम.