झिजलेल्या रंगावर नवा रंग नको

जळगावच्या नळाला येणारे पाणी वाघूर धरणाचे. एकेकाळी मेहरूणच्या तलावावर भागणारे शहर वाढत गेले आणि त्याची भिस्त या नदीवर आली. हीच वाघूर वर डोंगरात जिथे अर्धगोल वळण घेते, तिथल्या कड्यात अजिंठ्याची लेणी आहेत. जिल्हा छत्रपती संभाजीनगरचा. पण रेल्वेने येणारे असंख्य प्रवासी उतरतात ते जळगावला, आणि नेरी, पहूर, वाकोद, फर्दापूर असा साठेक किलोमीटरचा रस्ता धरतात. त्यामुळे मेहरूणमधल्या घरी परगावचा पाहुणा आला की अजिंठा दाखवून आणणे ओघाने आलेच. परतीच्या गाडीत एक तक्रारही तितक्याच ओघाने येते. नाव एवढे मोठे आणि दिसते काय, तर अंधार, पोपडे, पुसट चेहरे. सरकारने चांगले चित्रकार लावून ही चित्रे एकदाची रंगवून का घेऊ नयेत?

ही तक्रार उडवून लावण्याजोगी नाही. ती करणारी माणसे अजिंठ्याची वैरी नव्हेत. आपल्या दारातले वैभव झळाळून दिसावे, एवढीच त्यांची इच्छा असते. शिवाय हेच म्हणणे गावोगावी प्रत्यक्षात उतरते आहे. जुन्या देवळांतील भित्तिचित्रांवर चकचकीत ऑइलपेंट चढतो, वाड्यांच्या कोरीव चौकटी एका रंगात बुडतात. म्हणून या म्हणण्याचा पूर्वपक्ष नीट मांडून मगच त्याचे खंडन केले पाहिजे.

पूर्वपक्षाचे तीन आधार आहेत. पहिला, चित्र पाहण्यासाठी असते. जे दिसत नाही त्याचा उपयोग काय? दुसरा, जगभर लोक जुन्या रंगीत वस्तू पुन्हा रंगवतात, मग आपणच का कचरायचे? तिसरा, आपली परंपरा जीर्णोद्धाराची आहे. पडके तसेच ठेवणे हा परका विचार आहे.

दुसऱ्या आधारापासून सुरुवात करू, कारण वरवर तो सर्वांत भक्कम दिसतो. अमेरिकेतील पिनबॉलच्या जुन्या यंत्रांचे उदाहरण घ्या. काचेखाली उतरता लाकडी पट, त्यावर चित्रे, दिवे, घंट्या, आणि त्यावरून धावणारी सुमारे ८० ग्रॅम वजनाची पोलादी गोळी. १९४७ साली शिकागोच्या गॉटलिब कंपनीने ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात गोळी परत टोलवणारे विजेवरचे फ्लिपर बसवले आणि खेळ पालटला. या यंत्रांचे पट बहुधा मेपलच्या प्लायवूडचे. त्यावर जाळीतून एकेक रंग छापायचा आणि वर लॅकरचा पातळ हात. गोळी वर्षानुवर्षे त्याच वाटांनी धावते. मग फ्लिपरसमोरचा रंग जातो, दिव्यांवरच्या प्लास्टिकच्या चकत्या वरखाली होतात, त्यांच्या कडेचा रंग तडकतो आणि खालचे लाकूड उघडे पडते. आज या यंत्रांचे शौकीन असे पट साफ करतात, रंग जुळवून झिजलेल्या जागा भरतात, वर पारदर्शक कठीण थर देतात. काही जण तर अख्खा पटच बदलून नवा छापील पट बसवतात. त्यात वावगे काहीच नाही.

मात्र त्यामागची कारणे पाहिली पाहिजेत. पिनबॉलचा पट खेळण्यासाठी आहे. त्यावर खड्डा पडला, चकती वर आली, तर गोळी अडते किंवा भलतीकडे वळते; पृष्ठभाग सपाट केल्याशिवाय यंत्र चालतच नाही. दुसरे, तो छापील आहे. १९९२ सालच्या ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ या यंत्राचे २०,२७० नग निघाले. एकाच्या पटावरचा रंग गेला, तर तो नेमका कोणता होता हे दुसऱ्या नगावर बघून सांगता येते. तर्क करावा लागत नाही. आणि तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची. या कामातले जाणकार उरलेल्या मूळ रंगाला हात लावत नाहीत. आधी मूळ रंग पारदर्शक थराखाली सुरक्षित करायचा, फक्त उघड्या पडलेल्या जागी नवा रंग भरायचा आणि वर पुन्हा पारदर्शक थर द्यायचा, ही त्यांची पद्धत. म्हणजे ज्या उदाहरणाच्या बळावर अजिंठा रंगवायला सांगितले जाते, ते उदाहरणच सांगते की मूळ रंग उरला असेल तिथे कुंचला थांबवा.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी एकच आहे. त्याचा दुसरा नग कुठल्याही गोदामात नाही. ज्या जागी रंग गेला, तिथे काय होते हे आज कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. तिथे चालवलेला कुंचला म्हणजे निव्वळ अंदाज. १९६४ च्या व्हेनिस सनदेने हेच सूत्र जगापुढे ठेवले: अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापनेने थांबावे, आणि जे नव्याने जोडले ते मुळापासून वेगळे ओळखू यावे.

आता पहिला आधार: चित्र दिसले पाहिजे. दिसावे म्हणून यापूर्वी जे जे केले गेले, त्याचा इतिहासच या आधाराला उत्तर देतो. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडकावर मातीचा गिलावा, त्यात भाताचे तूस, वनस्पतींचे तंतू आणि दगडाची भुकटी. वर पांढरा पातळ हात. आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे रंग. काही ठिकाणी निळ्यासाठी लाजवर्द. असा गिलावा हवेतली ओल घेतो आणि सोडतो. जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात चित्रांच्या प्रती केल्या, तेव्हा चित्रे उठून दिसावीत म्हणून अनेक ठिकाणी हलके व्हार्निश लावले. पुढे १९२० च्या दशकाच्या आरंभी निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा पक्का केला, हे त्यांचे मोठे उपकार. पण चित्रांवर लाखेचे व्हार्निशही चढवले. तो थर पिवळा-तपकिरी पडला, त्याने धूळ धरून ठेवली, आकसताना तो खालच्या रंगाला ओढू लागला. चित्र स्पष्ट दिसावे म्हणून लावलेल्या लेपानेच ते झाकले.

हे सारे जाणत्या, सद्हेतूच्या माणसांनी केले होते आणि त्यांनी लावलेला थर पारदर्शक होता. तरीही तो काढण्याचे किचकट काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना आजवर पुरले. काढतानाही खालचा रंग निघून येण्याची धास्ती असते, आणि खात्याच्या सफाईवर काही अभ्यासकांनी टीकाही केली आहे. पारदर्शक लेपाची ही गत, तर अपारदर्शक रंगाचे काय होईल? उलट १९९९ नंतर खात्याच्या विज्ञान शाखेचे राजदेव सिंह यांच्या देखरेखीखाली दहाव्या लेण्यातली काजळी आणि जुने व्हार्निश हटवले गेले, तेव्हा इसवी सनापूर्वीच्या काळापर्यंत मागे जाणारी चित्रे नव्याने पाहता आली. मधल्या काळात कोणी तिथे नवा रंग चढवला असता, तर भारताच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी काही त्याखाली गाडली गेली असती.

भुसावळच्या जुन्या युरोपीय दफनभूमीत रॉबर्ट गिल यांची कबर आहे. मद्रास सैन्यातला हा अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या प्रती करण्याच्या कामावर नेमला गेला आणि पुढची अनेक वर्षे त्यात रमला. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या काव्यामुळे गिल आणि त्याची प्रेयसी पारो यांची कथा खानदेशात घरोघरी पोहोचली, पण त्याच्या कामाचे पुढे काय झाले हे फारसे सांगितले जात नाही. लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली आग लागली आणि तिथे मांडलेल्या त्याच्या प्रती जळाल्या. मग ग्रिफिथ्सनी नव्याने प्रती केल्या; १८८५ साली त्यांतल्याही शंभरावर प्रती लंडनच्याच आगीत गेल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी क्रिस्टियाना हेरिंगहॅम आल्या, त्यांच्यासोबत तरुण नंदलाल बोस होते, आणि तिसऱ्यांदा प्रती झाल्या.

दोनदा जळूनही तिसऱ्यांदा प्रत करता आली, कारण भिंत तशीच होती. गिलने कागद-कापडाऐवजी भिंतीवरच आपला कुंचला चालवला असता, तर ग्रिफिथ्सना अजिंठा मिळालाच नसता, गिलचा अजिंठा मिळाला असता. नंदलाल बोसांना त्या दोघांच्या आवडीनिवडींचा थर मिळाला असता, आणि आधुनिक भारतीय चित्रकलेला अजिंठ्याकडून जे मिळाले ते मिळाले नसते. आजोबांच्या हस्ताक्षरातले फिकट पत्र कोणी बॉलपेनने गिरवून ठेवले, तर वाचायला सोपे होईल. पण ते अक्षर आजोबांचे राहणार नाही.

राहिला जीर्णोद्धाराचा मुद्दा. तो खरा आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. वेरूळच्या घृष्णेश्वराचे आजचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात उभारले. तिथे पूजा चालते, देऊळ नांदते आहे. इंटॅक या संस्थेच्या २००४ च्या सनदेनेही जिवंत कारागिरीच्या परंपरांना जतनाच्या कामात स्थान दिले आहे. पण त्यासाठी ती कारागिरी जिवंत असावी लागते. वाकाटकांच्या काळातल्या चित्रकारांची परंपरा अजिंठ्यात पाचव्या शतकाच्या अखेरीस थांबली. तिचा हात आज कोणाकडे नाही. आणि जिथे हात आहे, तिथली रीत काय सांगते? सावंतवाडीची गंजिफा बघा. दशावतारी गंजिफेच्या १२० गोल पानांवर हाताने रंगकाम होते. ही कला मिटायच्या बेतात असताना शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात ती पुन्हा उभी केली. हे पुनरुज्जीवन जुन्या झिजलेल्या पानांवर रंग चढवून झाले नाही. नवे जोड रंगवले गेले, नवे हात तयार झाले. वेरूळच्या कैलास लेण्यात मात्र मंडपाच्या छतावर जुन्या चित्रांवर उत्तरकाळातला दुसरा थर आढळतो. त्याने झाकलेले मूळ काम आज केवळ जिथे वरचे निखळले तिथेच दिसते. परंपरेने असेही केले आहे, म्हणून ते पुन्हा करावे असे ठरत नाही.

मग करायचे काय? नकार पुरेसा नाही. आधी मूळ वाचवावे: सुटणारा गिलावा पक्का करणे, ओल, कीटक, वटवाघळे आणि प्रेक्षकांच्या श्वासातली दमट हवा यांवर ताबा ठेवणे, एका वेळी लेण्यात जाणाऱ्यांची संख्या मर्यादित राखणे. रंग गेलेल्या जागा शांत, एकसुरी छटेने भराव्यात, म्हणजे डोळा उरलेल्या चित्राकडे जातो. इटलीत चेझारे ब्रांदी यांच्या परंपरेत अशा जागा बारीक उभ्या रेषांनी भरतात. लांबून चित्र सलग वाटते, जवळ गेले की भरणी ओळखू येते आणि गरज पडल्यास काढताही येते.

आणि रंगांचा मूळ झळाळ पाहण्याची पाहुण्यांची हौस प्रतीवर भागवावी. फ्रान्सने लास्कोची गुहा १९६३ साली प्रेक्षकांना बंद केली आणि १९८३ साली शेजारीच तिची हुबेहूब प्रतिकृती खुली केली. लोकांनी ती आनंदाने पाहिली. अजिंठ्याच्या पायथ्याशी पर्यटक केंद्रात १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती उभ्या राहिल्या आहेत. चित्रे रंगवून घ्या अशी मागणी करणाऱ्यांनी आपला सगळा जोर तिथे लावावा. तिथे आजचे चित्रकार बसवावेत, पद्मपाणीचा नाहीसा झालेला भाग कसा असेल याचे दोन-तीन पर्याय शेजारी शेजारी रंगवावेत, जळगावच्या शाळांच्या सहली आधी तिथे न्याव्यात आणि मग लेण्यांत. अंदाजाला मोकळे रान तिथे आहे, चुकला तर पुसताही येतो.

हाच नियम खानदेशातल्या लहान देवळांना आणि वाड्यांना लागू करता येईल. रंगकामाचा ठराव करण्याआधी मंडळाने जुन्या भिंतीची चांगल्या उजेडात छायाचित्रे काढावीत, कोपऱ्यातला छोटा तुकडा जाणकाराकडून साफ करून खाली काय आहे ते बघावे, आणि चित्र निघाले तर ती भिंत तेवढी रंगाऱ्याच्या कंत्राटातून वगळावी. बाकीचे देऊळ खुशाल रंगवावे.