गाजर गवत: ज्याला बाधतं त्याने उपटू नये, बाकीच्यांनी उपटावं

पहिले दोन-तीन पाऊस झाले की बांधावर, शाळेच्या कुंपणालगत, एसटी स्टँडच्या मागे, रिकाम्या प्लॉटवर गाजराच्या पाल्यासारखी हिरवी रोपं दाटीनं उगवतात. महिना-दीड महिन्यात त्यांच्या शेंड्यांवर पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके येतात. कुणी त्याला गाजर गवत म्हणतं, कुणी काँग्रेस गवत, कुणी चटक चांदणी. पिकाचं खाणं खातं म्हणून शेतकरी त्याला वैतागलेला असतोच. पण हे तण माणसाच्या कातडीला आणि श्वासालाही धरतं. तो आजार नेमका कसा होतो हे माहीत नसल्यामुळे घराघरांत वर्षानुवर्षं चुकीचे उपाय चालू राहतात. म्हणून हे लिहायचं आहे.

हे तण मूळचं उष्ण अमेरिकेतलं. भारतात त्याच्याकडे पहिल्यांदा ठळकपणे लक्ष गेलं ते 1955-56 च्या सुमारास, आपल्या पुण्यात. परदेशी धान्याबरोबर ते आलं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते इतकं पसरलं की 1960 च्या दशकाच्या अखेरीस डॉ. लोणकर आणि डॉ. जोग यांनी त्यापासून होणाऱ्या त्वचारोगाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली. म्हणजे हा आजार डॉक्टरांना अर्ध्या शतकाहून अधिक काळ माहीत आहे. तो अजून पोचलेला नाही तो रोग्याच्या घरापर्यंत.

आधी तो ओळखायचा कसा ते पाहू. रोगी बहुधा चाळिशी-पन्नाशीचा, उघड्यावर काम करणारा असतो. पापण्या सुजलेल्या, कपाळाची आणि गालांची कातडी लाल, खरखरीत, खाजून खाजून जाड झालेली. मानेभोवती, कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्याच्या मागे तसेच चट्टे. आता त्याला शर्टाचं वरचं बटण काढायला सांगा. कॉलरच्या उघड्या भागात जिथवर वारा आणि ऊन लागतं तिथवर कातडी काळवंडलेली आणि जाड. तिथून बोटभर खाली, कापडाखाली, अंग स्वच्छ. ही सीमारेषा दिसली की हवेतून येणारं काहीतरी बाधतंय, अशी शंका घ्यायलाच हवी. गवत फुलतं तेव्हा त्रास वाढतो आणि ते वाळून, मोडून गेलं की थोडा उतरतो. फार दिवस झाले की मात्र बाराही महिने राहतो, नुसतं ऊनसुद्धा सोसवत नाही.

आता हे होतं कसं? गाजर गवताच्या पानांवर आणि खोडावर बारीक लव असते. त्या लवेत आणि परागकणांत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. गवत वाळलं की त्याची भुकटी वाऱ्यावर उडते आणि उघड्या अंगावर बसते. पार्थेनिन कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं. कातडीतल्या पहारेकरी पेशी ते उचलून जवळच्या लसिका ग्रंथींत नेतात आणि तिथल्या टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढवय्या पेशींना, दाखवतात. बहुतेकांच्या शरीरात गोष्ट इथेच मिटते. पण काहींच्या शरीरात या पेशी त्याला शत्रू ठरवतात आणि ती आठवण कायम जपतात. वर्षानुवर्षं गवतात काम करून काहीही न झालेल्या माणसाला एका हंगामात अचानक त्रास सुरू होतो, तो यामुळेच. त्यानंतर ते रसायन चिमूटभर जरी कातडीवर आलं तरी टी पेशी तिथे धावतात, दाहक द्रव्यं सोडतात आणि कातडी सुजते. अंधारात दोरीला साप समजून काठ्या घातल्या तर दोरीला काही होत नाही, घरातली मडकी मात्र फुटतात. इथली नासधूस तशीच आहे. ती गवत करत नाही, गवतावर तुटून पडलेली आपलीच प्रतिकारशक्ती करते.

प्रतिकारशक्तीच्या अशा अतिरेकाचे चार प्रकार जेल आणि कूम्ब्स या शास्त्रज्ञांनी 1963 मध्ये मांडले. पहिला प्रकार काही मिनिटांत दिसतो: शिंका, गांधी उठणं, दम्याचा झटका, आणि सगळ्यात गंभीर म्हणजे एकदम रक्तदाब पडणं. दुसऱ्यात प्रतिपिंडं (अँटीबॉडी) थेट पेशींवर चालून जातात. चुकीच्या गटाचं रक्त चढवलं तर जे होतं ते या प्रकारातलं. तिसऱ्यात प्रतिपिंडं आणि त्यांनी पकडलेलं द्रव्य यांची गुठळी मूत्रपिंडात, सांध्यांत किंवा रक्तवाहिन्यांत अडकून दाह करते. चौथा प्रकार सावकाश येतो, दोन-तीन दिवसांनी. क्षयरोगासाठी हातावर मँटू टेस्ट करतात आणि दोन-तीन दिवसांनी परत बोलावून गाठ मोजतात, ते याच प्रकारामुळे. गाजर गवताचा त्वचारोग या चौथ्या प्रकारातला. शिवाय या गवताच्या परागांमुळे काहींना पहिल्या प्रकारचा त्रासही होतो. अशा लोकांचं नाक गळतं, डोळे चुरचुरतात, दम लागतो. एकच तण, पण शरीरात शिरायच्या वाटा दोन.

चौथ्या प्रकाराची ही उशिराची चाल फार फसवी असते. रविवारी बांध साफ केला आणि मंगळवारी तोंड सुजलं, तर माणूस रविवार विसरतो आणि सोमवारी रात्री खाल्लेल्या वांग्याला दोष देतो. मग वांगं बंद, डाळ बंद, आंबट बंद, शेंगदाणे बंद. अंगातली ताकद जाते, खाज तिथेच राहते. कुणी म्हणतं रक्त बिघडलंय, कुणी म्हणतं खरूज आहे, कुणी त्याचं ताट-पांघरूण वेगळं करतं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. घरातल्या माणसाला जवळ घ्या, त्याच्या ताटात जेवा, काहीही होणार नाही.

हात जोडून सांगायची गोष्ट म्हणजे मेडिकलमधून मनाने मलम आणून चेहऱ्याला चोळू नका. खाज-नायट्यासाठी म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच मिश्र मलमांत तीव्र स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली उतरते, माणसाला वाटतं गुण आला, आणि तो महिनोन् महिने लावत राहतो. चेहऱ्याची कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, पुरळ येतं आणि मलम थांबवलं की दाह दुप्पट उसळतो. तसंच महिन्याला एक इंजेक्शन घेऊन खाज दाबत राहणं. त्यातही बहुधा स्टेरॉइडच असतं. त्यानं साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठरावीक दिवस आणि डॉक्टरांच्या नजरेखाली वापरलं तर या आजारात त्याचा मोठा उपयोग होतो. आजार हट्टी असेल तर त्वचारोगतज्ज्ञ प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या गोळ्याही देतात, पण त्या घेताना रक्त वेळोवेळी तपासावं लागतं.

तपासणीबद्दलही नीट समजून घ्या, कारण इथे पैसे वाया जातात. शेकडो पदार्थांची यादी देणारी रक्ततपासणी पहिल्या प्रकारच्या ॲलर्जीसाठी असते आणि तिथेही ती लक्षणांशी ताडून पाहावी लागते. चौथ्या प्रकारासाठी पॅच टेस्ट लागते. पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या छोट्या पट्ट्या चिकटवतात, 48 तासांनी काढतात आणि त्यानंतरही एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम गाळायचा नाही. भारतात वापरल्या जाणाऱ्या पॅच टेस्टच्या संचात गाजर गवत असतंच. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात जाऊन स्पष्ट विचारा, ‘गाजर गवताची पॅच टेस्ट करता येईल का?’ चेहऱ्यावरचं दुखणं सूर्याचं, साबणाचं की गवताचं, याचा निकाल लावायला तिची मदत होते. दम लागत असेल तर छातीच्या डॉक्टरांकडे वेगळं जा आणि त्यांनी दिलेला पंप घ्यायला कचरू नका.

ज्याला बाधतं त्याने घ्यायची काळजी साधी आहे. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, डोक्याला आणि मानेला उपरणं किंवा रुमाल. शेतातून आल्यावर आधी अंघोळ, आणि कामाचे कपडे लगेच धुवायला, कारण ती भुकटी कपड्यांतून अंथरुणावर येते. कपडे गवताच्या पट्ट्याजवळ वाळत घालू नका. शेवंती आणि झेंडू गाजर गवताच्याच कुळातले. फुलांच्या दुकानात बसणाऱ्याला किंवा दसरा-दिवाळीत तोरणं ओवणाऱ्याला त्यांनीही त्रास होऊ शकतो, हे ध्यानात ठेवा.

पण टी पेशींची ती आठवण पुसून टाकणारं औषध नाही. औषधं आग विझवतात. ती पुन्हा पेटू नये यासाठी गवतच नजरेआड व्हायला हवं. आणि ज्याला बाधतं त्याने ते उपटायचं नाही. त्याच्या बांधावरचं, त्याच्या अंगणाबाहेरचं, त्याच्या जाण्या-येण्याच्या वाटेवरचं गवत आपण उपटायचं. वारा शेजाऱ्याच्या बांधावरून येतो, त्यामुळे एकट्याने आपलं शेत साफ ठेवून भागत नाही.

उपटण्याची वेळ महत्त्वाची. एका झाडाला 15 ते 25 हजारांपर्यंत बिया धरू शकतात. दरवर्षी 16 ते 22 ऑगस्टला देशभर गाजर गवत जागृती सप्ताह होतो आणि तो व्हायलाच हवा. पण जूनच्या पावसावर उगवलेलं गवत तोवर बऱ्याच ठिकाणी फुलून गेलेलं असतं. म्हणून गावाने ऑगस्टची वाट न पाहता जुलैचा पहिला पंधरवडा धरावा. रोप तेव्हा वीतभर असतं, माती ओली असते, मुळासकट हाती येतं. वरून कापू नका, बुडख्यातून पुन्हा फुटतं. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल हवाच. खुरपणीला येणाऱ्या बायका उघड्या हातांनी हे काम करतात. त्यांना रबरी हातमोजे देणं ही शेताच्या मालकाची जबाबदारी आहे. फूल न आलेलं गवत खड्ड्यात कुजवलं तर चांगलं खत होतं. फूल आलेलं खतात घालू नका, आणि वाळलेलं पेटवून धूर करू नका. मोकळ्या जागेवर टाकळ्याचं बी पेरलं तर टाकळा माजतो आणि गाजर गवताला मागे रेटतो. हे गवत खाणारा मेक्सिकन भुंगा आपल्याकडे 1980 च्या दशकात आणून सोडला गेला. पावसाळ्यात गवताची पानं कुरतडणारे, पाठीवर काळ्या रेघा असलेले पिवळसर भुंगे दिसले तर मारू नका.

ग्रामसभेत हा विषय एकदा घ्या. शाळेचं आवार, पाण्याच्या टाकीची जागा, दवाखान्याची वाट आणि ज्यांच्या घरात असा रोगी आहे त्या घरांचा परिसर, एवढी यादी करा आणि जुलैत दोन सकाळी तरुण मंडळाने त्या जागा साफ कराव्यात. शहरातल्या सोसायट्यांनी शेजारच्या पडीक प्लॉटसाठी वॉर्ड ऑफिसकडे अर्ज द्यावा. आशाताईंनी आणि शिक्षकांनी कॉलरखालची ती रेघ ओळखायला शिकावं आणि असा माणूस दिसला की त्याला मेडिकलच्या काउंटरवरून उठवून त्वचारोग विभागात पाठवावं. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर या पावसाळ्यात त्याच्या दारापुढचं गवत फुलण्याआधी तुम्ही उपटा.