ऑटिझमचे प्रशिक्षण खिडकीपर्यंत आणि कॉलनीपर्यंत आले पाहिजे



ऑटिझमवर, म्हणजे मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतात त्या विषयावर, देशातल्या मोठ्या शहरांत परिषदा भरतात. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारक, विशेष शिक्षक तिथे जमतात. भारतीय पुनर्वास परिषदेकडे ज्यांची नोंदणी आहे त्यांना ती चालू ठेवण्यासाठी अशा कार्यक्रमांचे गुण मिळवावेच लागतात. याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. शिकलेल्या माणसानेही शिकत राहिले पाहिजे. परंतु ऑटिझम असलेल्या मुलाची गाठ अशा तज्ज्ञाशी वर्षातून दोन-चार वेळा पडते. बाकीचे दिवस ती पडते तिकीट तपासनिसाशी, आरपीएफच्या जवानाशी, दवाखान्यातल्या कंपाउंडरशी, पोस्टाच्या काउंटरवरच्या बाबूशी. म्हणजे आपल्याशी. आपल्याला हे शिकवायचे कोणी?

हा वेड नव्हे, लाडाने बिघडणेही नव्हे. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एकाला ऑटिझम होता. कोणी बोलत नाही, कोणी विचारलेला प्रश्नच परत म्हणतो, कोणाला आवाज सोसत नाही. आता फलाट डोळ्यांपुढे आणा. भोंगा, घोषणा, हमालांची घाई. मुलगा कान दाबून खाली बसतो. तपासनीस विचारतो, "नाव काय तुझे?" मुलगा म्हणतो, "नाव काय तुझे?" तपासनिसाला वाटते, पोरगा टिंगल करतो आहे. पुढे काय होते ते सांगायला नको. तपासनीस दुष्ट नसतो, त्याला ठाऊक नसते एवढेच. दोन पावले मागे सरणे, हात न धरणे, आवाज खाली आणणे, एका वेळी एकच छोटे वाक्य बोलणे आणि उत्तराची वाट पाहणे, हे शिकायला पदवी लागत नाही.

आरपीएफच्या 'नन्हे फरिश्ते' मोहिमेत २०१८ ते मे २०२४ पर्यंत स्टेशनांवरून आणि गाड्यांतून ८४ हजारांवर मुले सोडवली गेली. हे काम मोठे आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण ज्याला आपले नाव, गाव सांगता येत नाही असे मूल इटारसीच्या फलाटावर सापडले तर काय करायचे, हेही त्या जवानाच्या हाती दिले पाहिजे. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चे कलम ४७ सांगते की प्रशासक आणि पोलीस यांच्या प्रशिक्षणात अपंगांच्या हक्कांचा विषय असलाच पाहिजे. रेल्वेचे आणि टपाल खात्याचे अधिकारी प्रशासक नव्हेत, असे कोणी म्हणेल काय?

दुसरी बाजू आपल्या क्वार्टर्समधली आहे. जबलपूर विभाग २००३ पर्यंत मध्य रेल्वेत होता. भुसावळ, नागपूर, अकोल्याकडची कित्येक मराठी घरे बदलीनेच इथे आली. आजी, मावशी, काकू पाचशे किलोमीटरवर. ड्यूटी रात्रीची. अशा घरात हे मूल वाढवायचे तर आई-बापालाच शिकावे लागते. दिल्लीत 'अॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था १९९१ पासून काम करते. आई-बाप आणि मूल यांना एकत्र शिकवणारा तिचा कार्यक्रम तीन महिन्यांचा आहे. कार्यक्रम उत्तम, पण ट्रॅकमनने तीन महिने दिल्लीत राहायचे कसे? रजा कुठली, खोलीभाडे कुठले?

जागतिक आरोग्य संघटनेने याला एक वाट काढली आहे. पालकांसाठी गटाच्या नऊ बैठका आणि तीन घरभेटी, एवढाच तो अभ्यासक्रम आहे. तो शिकवणारा तज्ज्ञच हवा असे नाही, तयारी करून घेतलेला साधा कार्यकर्ताही चालतो. नऊ बैठकांना जागा किती लागते? रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल पुरे. जबलपूर तर प्रशिक्षणाचेच गाव आहे. रिज रोडच्या केंद्रात १९४२ पासून देशभरातले तार-टेलिफोनचे कामगार शिकून गेले.

तिसरी गोष्ट फायलींची. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले आणि २०१६ च्या कायद्यात पक्के झाले. अपंग मुलाचा सांभाळ करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या फेरबदलीतून सूट देण्याचा आदेश २०१४ चा आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑटिझमचाही त्यात समावेश झाला. 'प्रशासकीय अडचण नसेल तर' ही मेख त्यात आहेच. बाल संगोपन रजेला अपंग मुलाच्या बाबतीत वयाची अट राहिलेली नाही. निदानासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी २००९ पासून तयार आहे. इतके सगळे असूनही एका साथीच्या अर्जावर एका कार्यालयाने शेरा मारला, "मूल शारीरिक दृष्ट्या धडधाकट दिसते." दिसते! या शेऱ्याविरुद्ध अपील करण्यात त्याचे सात महिने गेले. कार्मिक विभागाच्या बाबूला अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण दिले असते तर ते वाचले असते.

२०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी ४ टक्के जागा ठेवल्या. त्यांतल्या १ टक्क्यात ऑटिझम असलेल्यांचाही वाटा आहे. उद्या असा सहकारी आपल्या शेजारच्या टेबलावर बसेल. त्याच्या सुपरवायझरला तेव्हा कळवायचे की आधी?

म्हणून येत्या पीएनएमच्या विषयपत्रिकेसाठी आम्ही तीन मागण्या देत आहोत. प्रत्येक रिफ्रेशर कोर्समध्ये या विषयाचे दोन तास असावेत आणि ते प्रत्यक्ष पालकाला मानधन देऊन घ्यावेत. पालक-प्रशिक्षणासाठी विशेष नैमित्तिक रजा मिळावी. रेल्वे रुग्णालयातल्या निदान एका डॉक्टरला आणि एका परिचारिकेला परिषदेला पाठवावे आणि परत आल्यावर त्यांनी कॉलनीत बैठक घ्यावी. टपाल खात्यातल्या साथींनी आपल्या संघटनेमार्फत हेच विषय लावून धरावेत.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्या साथींनी आपल्या शाखा सचिवांना भेटावे. नाव कुठेही छापले जाणार नाही. बदलीचा किंवा रजेचा अर्ज फेटाळला गेला असेल तर त्या आदेशाची प्रत मात्र सोबत आणावी.