अँटिपेटर: अलेक्झांडरच्या पाठीमागचा म्हातारा

मॅसिडोनिया म्हटले की फिलिप, अलेक्झांडर, टॉलेमी, सेल्यूकस ही नावे ओठांवर येतात. आज ज्याच्याविषयी लिहितो आहे तो कधीच राजा झाला नाही. तरीही माझे स्पष्ट मत आहे, की अँटिपेटर नसता तर अलेक्झांडरला पूर्वेची मोहीम अर्ध्यावर टाकून घरी परतावे लागले असते.

इ.स.पू. ३३४ मध्ये अलेक्झांडर आशियात उतरला, तेव्हा मायदेश आणि ग्रीस त्याने वडिलांच्या या जुन्या सहकाऱ्यावर सोपवले. अँटिपेटरने तेव्हा साठी ओलांडली होती. डायोडोरसच्या मते त्याच्यापाशी १२,००० पायदळ आणि १,५०० घोडदळ उरले. एवढ्या बळावर ग्रीस शांत ठेवायचा आणि पूर्वेकडून मागणी येईल तशी ताज्या दमाची माणसेही पाठवत राहायची! विजयाच्या वार्ता बॅबिलोनहून येत. तरुण मात्र मॅसिडोनियाच्या गावांतून जात.

मग स्पार्टाचा राजा एजिस तिसरा उठला. त्याने मेगॅलोपोलिसला वेढा घातला. अँटिपेटर त्या वेळी थ्रेसमधील बंडात गुंतला होता. त्याने तिथले प्रकरण घाईने मिटवले, मित्रराज्यांची कुमक गोळा केली आणि सुमारे ४०,००० सैन्यानिशी दक्षिणेत उतरून एजिसचा पराभव केला. एजिस रणात पडला. प्लूटार्क सांगतो, की ही वार्ता ऐकून अलेक्झांडरने तिला उंदरांची लढाई म्हणून हिणवले. खरे तर या लढाईत हार झाली असती, तर त्याचे घरच हातचे गेले असते. पण आपणही इतिहास असाच वाचतो: गौगामेलाला पानेच्या पाने, मेगॅलोपोलिसला एक तळटीप.

इ.स.पू. ३२४ मध्ये अलेक्झांडरने त्याला पदावरून दूर करून क्रॅटेरसला नेमण्याचे फर्मान काढले. पुढच्याच वर्षी बॅबिलोनमध्ये राजा वारला, आणि विषप्रयोगाची कुजबुज अँटिपेटरच्या घराण्याभोवती फिरू लागली. त्याचा मुलगा इओलास राजाचा मद्यवाहक होता ना! बहुतेक इतिहासकार या कथेवर विश्वास ठेवत नाहीत, मीही नाही.

मात्र त्याला संत ठरवण्याचा माझा हेतू नाही. राजाच्या मृत्यूनंतर अथेन्सने बंड केले. लॅमियात कोंडला गेलेला अँटिपेटर निसटला आणि इ.स.पू. ३२२ मध्ये क्रॅनॉनला जिंकला. त्यानंतर २,००० ड्राख्मांहून कमी मालमत्ता असलेल्या अथेन्सवासीयांचे राजकीय हक्क गेले, म्युनिखिया टेकडीवर मॅसिडोनियाची शिबंदी बसली. त्याचे शिपाई पकडायला आले, तेव्हा डेमॉस्थेनिसने कॅलॉरियाच्या मंदिरात विष घेतले. अँटिपेटरची ‘शांतता’ अशीही होती, आणि त्याच्या कर्तृत्वाचे माप घेताना हेही तराजूत घातलेच पाहिजे.

इ.स.पू. ३१९ मध्ये मरताना त्याने सत्ता आपला मुलगा कॅसँडर याला दिली नाही. पॉलिपर्कॉन या जुन्या सेनानीला दिली. मुलाला तो बहुधा पुरता ओळखून होता. कॅसँडरने युद्ध करून मॅसिडोनिया घेतलाच आणि पुढे रोक्साना व तिचा मुलगा अलेक्झांडर चौथा यांना ठार करविले. अलेक्झांडरचा म्हणून ओळखला जाणारा दुसरा मुलगा हेराक्लिस उरला होता. त्याचा जीव घेतला तो पॉलिपर्कॉनने, कॅसँडरशी सौदा करून.