पंच्याण्णव वर्षांचे अभ्यंगस्नान

झाड दिवसाढवळ्या तोडता येते. जागा आपली असेल, कायदा आपल्या बाजूला असेल आणि मनात पाप नसेल, तर कुऱ्हाड उन्हात चालवायला भीती कुणाची? पण २ ऑक्टोबर २०२४ रोजी, दिवस मावळल्यावर, टोरंटोच्या ओंटारियो प्लेसमधील पश्चिम बेटावर यंत्रे घुसली. सकाळी लोकांनी पाहिले तेव्हा पन्नास वर्षांच्या वनराईच्या जागी उघडी माती आणि ओंडके होते. आठशेवर झाडे गेली. मग त्याच दिवशी, ३ ऑक्टोबरला, प्रांतिक सरकारने दोन वर्षांहून अधिक काळ दडवून ठेवलेला भाडेकरार लोकांसमोर ठेवला. आधी मुंडण, मग मुहूर्त! लेकराचे जावळ काढतानासुद्धा घरच्यांना आधी विचारतात. इथे दीड कोटी लोकांच्या मालकीचे बेट भादरले आणि मग कागद पुढे केला.

कशासाठी? एका स्पासाठी. काचेच्या अवाढव्य छताखाली कोमट पाण्याचे हौद, वाफेच्या खोल्या, घसरगुंड्या. कंपनीचे नाव थर्मे, मूळ ऑस्ट्रियाचे. बुखारेस्टजवळच्या तिच्या स्पात काचेखाली ताडमाड उभे केले आहेत. इथेही काचेखालची हिरवाईच विकायची आहे. उघड्यावर, तळ्याच्या वाऱ्यात, टोरंटोच्या हिवाळ्याशी झुंजत वाढलेली झाडे पाडायची आणि तिकीट काढलेल्या माणसाला उबेतले झाड दाखवायचे. यालाच विकास म्हणत असतील तर तो शब्द कोशातून काढून हिशेबाच्या वहीत टाकावा.

ज्यांनी ही जागा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. १९६७ मध्ये मॉन्ट्रियलला जागतिक प्रदर्शन भरले आणि त्यातल्या ओंटारियोच्या पॅव्हिलियनने लोकांना वेड लावले. मग प्रांताच्या मनाने घेतले की असे काही आपल्या राजधानीत कायमचे हवे. जमीन नव्हती, तर पाण्यात केली. शहराच्या बांधकामांतून निघालेला राडारोडा ओंटारियो तळ्यात टाकून बेटे घडवली. लाटा अडवायला तीन जुनी मालवाहू जहाजे बुडवून त्यांचा बांध केला. एबरहार्ड झाइडलर या वास्तुकाराने पाण्यावर खांब रोवून त्यांवर पाच पांढरे पॅव्हिलियन टांगले. शेजारी सिनेस्फिअरचा गोल उभा राहिला, जगातले पहिले कायमस्वरूपी आयमॅक्स चित्रपटगृह. आणि मायकेल हॉ या भूरचनाकाराने राडारोड्याच्या त्या ढिगांना चढउतार दिले, खाड्या दिल्या, झाडे दिली. २२ मे १९७१ रोजी हे सारे लोकांसाठी खुले झाले. जगभरातल्या धोक्यात आलेल्या वारशांवर नजर ठेवणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २०२० च्या यादीत ओंटारियो प्लेसचे नाव घातले. स्वतः प्रांतानेच २०१४ मध्ये या जागेला प्रांतिक महत्त्वाचा वारसा म्हणून मान्यता दिली होती. म्हणजे दागिना खरा आहे हे सोनाराला माहीत होते. मोडीत काढताना त्याने पितळेचा भाव लावला.

सरकारचे भाट लगेच म्हणतील, 'ते पाच पॅव्हिलियन कुठे पाडतोय? सिनेस्फिअर कुठे पाडतोय?' बरोबर आहे, पाडत नाही. पण झाइडलरचे खांब आणि हॉची बेटे ही एकच रचना आहे. पॅव्हिलियन पाण्यावर का तरंगतो, तर समोर झाडांचे बेट आहे म्हणून. देऊळ शाबूत आहे ना, मग तळे बुजवले तर काय बिघडले, असे विचारणाऱ्याला पंढरपूरच्या वाळवंटात नेऊन उभे करावे आणि सांगावे, की बाबा, चंद्रभागा काढून टाकू, विठोबाला हात लावत नाही.

गरम पाण्याशी आमचे वैर नाही. वज्रेश्वरीच्या कुंडात डुंबलेली माणसे आम्ही. वाफेची महती आम्हाला व्हिएन्नावरून येऊन कुणी सांगायला नको. स्पा बांधा, हवा तेवढा मोठा बांधा. विमानतळाच्या वाटेवर बांधा, एखाद्या ओस पडलेल्या मॉलच्या जागी बांधा. तळ्याकाठी, लोकांच्या बागेत आणून बसवायची गरज काय?

आता या रोगाचे मूळ पाहू, कारण सगळी लबाडी तिथे आहे. २०१२ मध्ये, प्रीमियर डग फोर्डसाहेब सत्तेत येण्याच्या कितीतरी आधी, लिबरल सरकारने ओंटारियो प्लेसला टाळे ठोकले. कारण? गर्दी घटली, तोटा वाढला. बागेने नफा कमवावा ही अपेक्षा ज्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यात शिरली, त्या दिवशीच ती मेली. नंतर रंग उडाले, पाट्या गंजल्या, पूल बंद झाले. आणि नऊ वर्षे जे स्वतःच सडू दिले, त्याकडे बोट दाखवून पुढचे सरकार म्हणाले, 'बघा, किती भकास जागा! आम्ही तिला जिवंत करतो.' ३० जुलै २०२१ रोजी थर्मेचे नाव जाहीर झाले. आजारी स्वतः पाडायचे, वैद्य स्वतःच आणायचा आणि वैद्याने किडनी काढून घेतली की बिल रोग्याच्या नातेवाइकांना पाठवायचे. नादुरुस्ती हे या व्यवहाराचे कारण नाही. नादुरुस्ती हे त्याचे हत्यार आहे.

पुरावा हवा? त्याच हत्याराचा दुसरा वार बघा. डॉन मिल्सच्या दरीत रेमंड मोरियामा यांनी बांधलेले ओंटारियो सायन्स सेंटर १९६९ मध्ये उघडले. प्रांतातल्या किती पिढ्यांच्या शाळेच्या सहली तिथे गेल्या त्याची गणती नाही. ते उचलून ओंटारियो प्लेसला न्यायचे, जुन्यापेक्षा लहान करून, असे सरकारने ठरवले. लोक विरोध करत होते. मग २१ जून २०२४ रोजी छताच्या काही फळ्या धोकादायक असल्याचा अहवाल पुढे आला आणि त्याच दिवशी इमारत बंद! मोरियामांच्या वास्तुसंस्थेने दुरुस्तीसाठी फुकट मदत देऊ केली. तिकडे ढुंकून पाहिले नाही. फळी बदलायची की इमारत सोडायची, असा प्रश्न आला की या सरकारला नेहमी इमारतच जड होते.

पण माणसे हट्टी असतात. टाळे लागलेल्या त्या बेटावर लोक परत आले, आमंत्रणाशिवाय. २०१७ मध्ये पूर्वेच्या बाजूला ट्रिलियम पार्क झाला आणि पावले पश्चिमेकडेही वळली. पक्षी पाहणारे आले, सायकलवाले आले, पोहणारे आले. मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही पश्चिम बेटाच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर होतो. साठी ओलांडलेली एक बाई आली. बूट काढले, मोजे घडी करून बुटात खोचले, थर्मास एका सपाट दगडावर ठेवला आणि लोकरीची टोपी डोक्यावर तशीच ठेवून गळाभर पाण्यात उतरली. पाणी असे की आमची बोटे नुसती बुडवून बधिर झाली. चार मिनिटांनी ती बाहेर आली, लालबुंद, हसत, आणि थर्मासमधला चहा आम्हालाही विचारला. तोही स्पाच होता. फक्त गल्ला नव्हता.

सांगलीहून आलेल्या आमच्या मातोश्री त्याच किनाऱ्यावर चपला काढून पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. थोड्या वेळाने पदराला हात पुसत त्यांनी हळूच विचारले, "इथं पैसे कुठं भरायचे रे?" कुठेच नाही, म्हटले. त्यांचा विश्वास बसेना. परदेशात पाणी फुकट कसे मिळेल? दोनदा विचारून खात्री करून घेतली, मग निवांत बसल्या.

हे सगळे कायद्याला विचारून झाले असते तर आम्ही इतका संताप केला नसता. पण इथे कायद्यालाच गप्प बसवले. डिसेंबर २०२३ मध्ये 'रिबिल्डिंग ओंटारियो प्लेस' कायदा मंजूर झाला. तो वाचावा आणि थक्क व्हावे. वारसा जपण्याचा कायदा? इथे लागू नाही. पर्यावरणाच्या परिणामांची छाननी? इथे लागू नाही. शहराचा गोंगाटाचा नियम? इथे लागू नाही. आणि वर कहर म्हणजे या प्रकल्पावरून सरकारला कोर्टात खेचण्याची दारेच बंद. दिशाभूल झाली, गैरवर्तन झाले, दुष्ट हेतूने वागले, विश्वासघात केला, अशा कारणांवरही दाद मागता येऊ नये अशी तजवीज केली! अहो, ज्याच्या मनात दुष्ट हेतू नाही तो दुष्ट हेतूच्या दाव्यापासून आगाऊ संरक्षण कशाला मागेल? शेजारी जेवायला बोलावतो आणि दारातच कागदावर सही घेतो की जेवणात विष निघाल्यास तक्रार करणार नाही. अशा घरी कुणी पाटावर बसेल काय?

शहरानेही या पापात वाटा घेतला. महापौर ऑलिव्हिया चाऊ निवडून आल्या तेव्हा स्पाच्या विरोधात बोलत होत्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये सौदा झाला: गार्डिनर आणि डॉन व्हॅली हे महामार्ग प्रांताने आपल्या अंगावर घ्यायचे आणि ओंटारियो प्लेसवर प्रांताचा शब्द शेवटचा. शहराची तिजोरी रिकामी होती हे आम्ही जाणतो. तरी डांबराच्या बदल्यात किनारा सोडताना जिभेला थोडा चटका बसायला हवा होता.

आता पैशाचे बोलू. हे सरकार स्वतःला करदात्यांचे राखणदार म्हणवते. २०१९ मध्ये या पुनर्विकासावर प्रांताचा खर्च ३३.५ ते ४२.४ कोटी डॉलर होईल असा अंदाज होता. डिसेंबर २०२४ मध्ये महालेखापरीक्षक शेली स्पेन्स यांनी हिशेब मांडला तेव्हा आकडा २२३.७ कोटी डॉलरच्या घरात गेला होता. पाच वर्षांत पाच पटींहून अधिक! आणि विकासक निवडण्याची प्रक्रिया न्याय्य नव्हती, पारदर्शक नव्हती, उत्तरदायी नव्हती, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सोनारानेच कान टोचले आहेत. आता तरी ऐकू यावे. स्पाला येणाऱ्यांच्या गाड्या उभ्या करायची सोयही प्रांताच्याच डोक्यावर. आयजीच्या जिवावर बायजी उदार कशाला म्हणतात ते शाळेत मुलांना शिकवायचे असेल तर हा करारच धड्यात घालावा. मुदत ९५ वर्षे. २०२२ मध्ये सह्या करणाऱ्यांपैकी एकही माणूस हा करार संपताना जिवंत नसेल. जो जाब द्यायला हजर राहणार नाही, त्याने शतकाचा सौदा करूच नये. शेतकरी विहीर गहाण ठेवताना नातवाचे तोंड आठवतो. इथे नातवाच्या नातवाची विहीर गेली.

आणि आता आमच्या मराठी वाचकांना दोन शब्द, जरा कडू. मिसिसागा, ब्रॅम्प्टन, स्कारबरोतल्या आपल्या माणसांशी या विषयावर बोलले की उत्तर ठरलेले: आपण काय, बाहेरून आलेले; आपल्याला काय त्याचे? गणपतीला हॉल मिळतो, दिवाळीला फराळ होतो, पुरे. अरे, कर कुठे भरता? पोरे कोणत्या शाळेत जातात? सायन्स सेंटरच्या दारातले फोटो कुणाच्या फोनमध्ये आहेत? ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्यावर त्याच रात्री मुंबईत आरेमध्ये करवती लागल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला हात धरला तोवर २१४१ झाडे पडली होती. तेव्हा याच मंडळींनी इथून, हीटरच्या उबेत बसून, केवढे अश्रू ढाळले होते! पाच वर्षांनी, तोच आठवडा, तीच रात्रीची वेळ, आणि झाडे घरापासून अर्ध्या तासावर. फोन शांत. गोरेगावच्या झाडाला जीव असतो आणि लेकशोअरच्या झाडाला नसतो, असा काही नियम आम्ही तरी वाचलेला नाही.

झाडे परत येणार नाहीत. पण करार हा दगडावरचा लेख नव्हे. जे विधिमंडळ एका कायद्याने दारे बंद करू शकते, ते दुसऱ्या कायद्याने ती उघडूही शकते. आपल्या भागाच्या आमदाराला, म्हणजे इथल्या एमपीपीला, पत्र लिहा. त्याच्या कार्यालयात जाऊन बसा. मराठीत भांडा, इंग्रजीत भांडा, पण विचारा: हा २०२३ चा कायदा रद्द करायला तुम्ही हात वर करणार की नाही? 'बघू', 'विचार करू' अशी उत्तरे घेऊन परत येऊ नका. ती आपण महानगरपालिकेत ऐकून ऐकून कान किटवून इथे आलो आहोत.

मातोश्री पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येणार आहेत. विमानाचे तिकीट काढायच्या आधीच फोनवर म्हणाल्या, त्या गोट्यांच्या काठावर मला परत न्या. तिथे कुंपण लागले आहे, हे आम्ही अजून त्यांना सांगितलेले नाही. पैसे कुठे भरायचे, हे त्या यावेळीही विचारतील.