चार पेले

वाचकहो, दिवाळी अंकात चकली कुरकुरीत कशी होते हे सांगायचे सोडून हा गृहस्थ बिअरबद्दल काय लिहू लागला, असे तुम्हांला वाटेल. वाटू द्या. मला स्वतःलाही अजून थोडे तसेच वाटते आहे.

आमच्या घरात बाटली हा शब्द औषधापुरताच उच्चारला जातो. त्याला कारण आहे. माझे थोरले बंधू दारूपायी गेले. आधी नोकरी गेली, मग वहिनींच्या बांगड्या गेल्या आणि बेचाळिसाव्या वर्षी ते स्वतः गेले. म्हणून गेल्या वर्षी चिरंजीवांनी रसायनांच्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडून पुण्याला एका छोट्या ब्रुअरीत बिअर तयार करण्याचे काम धरले, तेव्हा मी त्याच्याशी बोलणेच टाकले. सात महिने टाकले. फोन वाजला की मी तो मुकाट्याने सौ.च्या हाती देत असे.

शेवटी सौ. म्हणाल्या, "अहो, बोलू नका हवे तर. पण एकदा बघून या, आणि मग बोलू नका."

गेलो. दारूचा भपकारा येईल म्हणून रुमाल हातात धरला होता. आला तो वास मात्र आईच्या हातच्या नाचणीसत्त्वासारखा! माझा चेहरा पाहून चिरंजीव म्हणाले, "बाबा, प्रकार तोच आहे. जव भिजवायचे, मोड आणायचे आणि वाळवायचे. ते भरडून गरम पाण्यात ठेवले की पिठाची साखर होते. मग हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालून उकळायचे, निववायचे आणि यीस्टकडून आंबवून घ्यायचे."

एवढे सांगून त्याने एक कागद पुढे केला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्याकडे प्यायला अजूनही परवाना लागतो. निवृत्तीनंतर माझी पहिली सरकारी सही झाली ती ही!

मग चार लहान पेले आले, फुलपात्राच्या निम्म्याएवढे. "फार गार नको, जीभ बधिर होते. आधी वास घ्या, मग घोट, मग थोडे पाणी. फिक्यापासून गडदाकडे जायचे," त्याने सांगितले.

पहिली बव्हेरियाची, गव्हाची, गढूळ सोनेरी. तिला चक्क पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास! "केळे घातलेस का रे?" मी विचारले. सात महिन्यांतले माझे हे पहिले वाक्य. केळे नव्हते, लवंगही नव्हती. ती सारी यीस्टची करामत. गंमत म्हणजे बव्हेरियात १५१६ साली बिअरचा कायदा झाला, त्यात जव, हॉप्स आणि पाणी एवढीच नावे होती. यीस्टचे नावच नव्हते, कारण ते काय आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

दुसरी बेल्जमची. हिच्यात धणे आणि संत्र्याची साल! ह्यूगार्डन गावची ही जुनी रीत १९५० नंतरच्या दशकात बंद पडली होती. पिएर सेलिस नावाच्या एका दूधवाल्याने १९६६ साली ती पुन्हा सुरू केली. आपल्या मसाल्याच्या डब्यातले धणे तिथे भेटावेत, याचे मला उगीचच बरे वाटले.

तिसरी इंडिया पेल एल. पहिला घोट घेतला आणि कारले आठवले. दुसऱ्या घोटाला कडवटपणाच्या मागून लिंबाच्या सालीचा वास आला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून हिंदुस्थानात बिअर येई ती महिनोन्‌महिने जहाजातून. ती टिकावी म्हणून हॉप्स जास्त घालीत. आपल्या देशाचे नाव या कडूपणाला लागले ते असे.

चौथी स्टाउट, डांबरासारखी काळी. ही सर्वांत जहाल असणार म्हणून मी पेला दूर सारला. "बाबा, रंग नशेचा नव्हे, भाजलेल्या जवांचा," तो म्हणाला. खरेच, चव थेट बिनदुधाच्या कॉफीची होती.

पण मी पाहत होतो ते वेगळेच. माझ्याबरोबर त्यानेही चार पेले घेतले होते. प्रत्येकाचे दोन घोट घेई, वहीत काही टिपी आणि उरलेले मोरीत ओती.

"ओतलेस?"

"चव कळली ना, बाबा. पुढचे कशाला?"

माझ्या बंधूंनी बाटलीचा शेवटचा थेंबसुद्धा कधी सोडला नाही, आणि चव कशी होती हे कधी सांगितले नाही. त्यांना ती ठाऊक तरी होती का, देव जाणे.

"याने काकांसारखे होत नाही म्हणतोस?" मी विचारले.

"होते ना," तो शांतपणे म्हणाला. "अल्कोहोल यातही आहेच. म्हणून तर वही आहे."

"नाही" म्हणाला असता, तर मी तसाच उठून स्टेशन गाठले असते. तो खरे बोलला, म्हणून बसलो. अर्धा स्टाउट मीही मोरीत ओतला आणि दोघे घरी जेवायला गेलो.

मी काही बिअरचा भक्त झालेलो नाही. माझा चहा मला पुरे. पण परवा फोन वाजला तेव्हा सौ. चकल्या तळत होत्या, हात पिठाचे होते.

"अहो, घ्या की!" त्या म्हणाल्या.

मी घेतला. म्हटले, "काय रे, धण्यांची टाकी उतरली का?"