काटा खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही!

सेमिस्टर सुरू झालं की हॉस्टेलमध्ये दोन संकल्प हमखास होतात. पहिला, यावेळी एकही विषय राहू द्यायचा नाही. दुसरा, आता वडापाव, मॅगी, कोल्ड्रिंक बंद आणि नीट जेवायचं! पहिल्याचा निकाल युनिव्हर्सिटी लावते. दुसऱ्याचा मात्र आपण रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहून लावतो. आठ दिवस भाकरी, डाळ, उसळ, काकडी नेमाने खाल्ली आणि काटा हलला नाही, की नवव्या दिवशी पुन्हा टपरी! माझं स्पष्ट मत आहे, की यात त्या जेवणाचा काही दोष नाही. आपण काट्याला चुकीचा प्रश्न विचारतोय.

आपला अहिल्यानगर जिल्हा साखर कारखान्यांचा. महाराष्ट्रातल्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचं गाळप १९५०-५१ च्या हंगामात इथंच, प्रवरानगरला सुरू झालं. उसाची ट्रॉली काट्यावर चढली की टनाचा आकडा मिळतो. पण साखर किती, हे तो आकडा सांगत नाही. शंभर किलो उसात सत्तर किलोच्या आसपास नुसतं पाणी असतं आणि साखर निघते साधारण दहा-अकरा किलो. म्हणून तर 'उतारा' हा वेगळा शब्द आहे. तोडलेला ऊस दोन दिवस उन्हात पडला तर त्याचं वजन घटतं, पण म्हणून शेतकरी काही पेढे वाटत नाही! पाणी उडालं, नुकसान झालं, हे त्याला बरोबर कळतं.

आपल्या शरीरातही निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच. शरीर काही साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. एकदम भात-चपाती बंद केली की हा साठा आणि त्याचं पाणी जातं. दोन-चार दिवसांत किलो-दीड किलो कमी दिसतं आणि आपण खूश! पण चरबी जवळजवळ तेवढीच असते. उलट लोणचं-पापड जास्त झालं, जिमचा पहिला आठवडा असला, किंवा मुलींच्या बाबतीत पाळी जवळ आली, तर पाणी साठून काटा वर जातो.

जरा हिशोब करू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. एका चपातीच्या शंभर धरल्या, तर एका रात्रीत किलोभर चरबी वाढायला नेहमीच्या जेवणावर ७७ चपात्या खाव्या लागतील. मेसच्या मावशी तेवढ्या देतील का?

आता दुसरी बाजू. "मी तर बारीक आहे, मला काय होतंय?" म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण वाचावं. २००४ साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग, अगदी सारखा २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त, अशी आपल्याकडची ठेवण. म्हणजे काटा एकाला उगाच घाबरवतो आणि दुसऱ्याला उगाच निर्धास्त ठेवतो.

हा विषय मला गंभीर वाटतो, कारण हॉस्टेलमध्ये "पंधरा दिवसांत पाच किलो" अशा पैजा लागतात. मग कोणी रात्रीचं जेवण सोडतं, कोणी पाणी पिणंच कमी करतं, आणि सकाळच्या प्रॅक्टिकलला चक्कर येते. वर सगळे म्हणतात, "वा, बारीक झालीस!" म्हणजे आपण कौतुक करतोय ते वाळलेल्या उसाचं!

मग काटा फेकून द्यायचा का? मुळीच नाही. मेजरमेंटच्या लॅबमध्ये आपण एका रीडिंगवर निष्कर्ष काढतो का? तेच उपकरण, तीच वेळ, अनेक रीडिंग्ज आणि मग सरासरी. वजनालाही हाच नियम लावा. आजच्या आकड्याशी कालचा नको, या महिन्याच्या सरासरीशी मागच्या महिन्याची सरासरी ताडून पाहा. सोबत शिंप्याची टेप वापरा. भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं डॉक्टर मानतात. तिसरा मजला चढताना धाप कमी लागते का, दुपारच्या लेक्चरला डुलक्या कमी झाल्या का, हेही बघा. आणि काही न करता वजन सतत उतरत असेल, तर कौतुक नको, डॉक्टरांकडे जा.

जिमखान्याला आणि रेक्टर सरांना एक विनंती. स्पर्धा घ्यायचीच असेल तर घटलेल्या किलोंची घेऊ नका. महिनाभर कोण नियमित जेवलं, कोण रोज चाललं, याची घ्या. आणि मेसमध्ये उसळीची वाटी थोडी मोठी करा!

नीट जेवणं ही काही परीक्षा नाही, की दुसऱ्या दिवशी मार्क कळावेत. पेरलंय तर उगवायला वेळ द्या. बघा, पटतंय का!